बब्रुवान ड्रायव्हरची रोजची उष्णता

एकोणसाठ सालची संक्रांत झाली आणि परंड्याच्या बब्रुवान ड्रायव्हरला धाराशिवहून मुआयन्याचं, म्हणजे तब्येत तपासणीचं, बोलावणं आलं. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. त्याच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. माणसाचंही वजन करतात हे तोवर आमच्या गावात कुणाला माहीत नव्हतं. वजन कापसाचं, गुळाचं, तुरीचं. कडब्याचंसुद्धा नाही, तो पेंढीवर जातो.

काटा एकशे अठ्ठ्याण्णव पौंडांवर थांबला. डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यात बब्रुवानची उंची शोधली, तिच्यासमोरचा आकडा पाहिला आणि म्हणाले, "तुम्हाला एकशे ब्याऐंशीची परवानगी आहे. सोळा जास्त आहेत."

"परवानगी कुणाकडनं काढावी लागती साहेब?"

"कमी करावं लागतं. तुमचं पोट स्टिअरिंगला टेकतं, असा शेरा आहे. वळणावर आधी पोट वळतं, मग चाक. साठ दिवसांनी या. एकशे ब्याऐंशी भरलात तर गाडी तुमची. नाहीतर डेपोत गाड्या धुवायचं काम आहे, पगार तोच."

बब्रुवान निजामाच्या अमदानीत गाडी हाकायला शिकलेला. त्यानंतर दोनदा राज्य बदललं, गाडीचा रंग बदलला, पाट्यांवरची लिपी बदलली. परंडा-कुर्डुवाडी रस्त्यावर खड्डे आणि बब्रुवान तेवढे कायम राहिले. कुठल्या खड्ड्याला डावीकडून जायचं आणि कुठल्याला नमस्कार करून सरळ आत उतरायचं हे त्याला डोळे मिटून येत होतं. पगार तोच राहणार हे ऐकूनही त्याच्या पोटात खड्डा पडला, आणि तो पडूनही वजन तेवढंच राहिलं.

परतीच्या वाटेवर त्यानं कंडक्टर अंबादासला विचारलं, "सोळा पौंड म्हंजे किती रं?"

"आठ शेर."

"आठ शेर? म्हंजे एक करडू की!"

"मग? इतकी वर्सं करडू पोटाला बांधून गाडी चालवतुयास वस्ताद. त्येचं तिकीट न्हाय काढलंस कधी."

"हसू नगं. गाडी धुवायला मला लाज न्हाय. पन म्या धुवायची आन् दुसऱ्यानं चालवायची, हे काय माज्यानं बघवायचं न्हाय."

अंबादास हसायचा थांबला. म्हणाला, "गोपाळकृष्ण मास्तरांना विचारू या. त्येनला हिशेब यितोय सगळ्याचा."

गोपाळकृष्ण मास्तर मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले होते. कशाचाही छडा लावायची त्यांना खोड. आल्या-आल्या त्यांनी किल्ल्यातल्या विहिरीत दगड टाकून, मनगटावरचं घड्याळ कानाला लावून तिची खोली काढली होती. विहिरीत कुणी पडलं असेल अशा समजुतीनं अर्धं गाव गोळा झालं होतं ते वेगळं.

बब्रुवानची अडचण ऐकून मास्तरांचे डोळे चमकले. त्यांच्याकडे एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. माणसाला दिवसाला किती अन्न लागतं हे त्यात वजनावरून काढलेलं होतं, पण त्यासाठी आधी माणूस काम कसलं करतो हे ठरवावं लागत होतं: बसून की श्रमाचं.

"बसून," अंबादास म्हणाला.

"बसून?" बब्रुवान भडकला. "एकदा वाकडी येसच्या वळणावर चाक धरून दाव. दोन रेडे वढतेत चाकाला दोन बाजूंनी!"

मास्तरांनी यावर मत दिलं नाही. पुढच्या रविवारी ते वही-पेन्सिल घेऊन ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले आणि कुर्डुवाडीला जाऊन आले. गिअर एकशे बारा वेळा पडला. भोंगा त्र्याऐंशी वेळा वाजला, त्यातला निम्मा ओळखीच्या माणसांना. चाक खरोखर रेड्यासारखं ओढावं लागलं ते अकरा वेळा. बाकी वेळ बब्रुवान बसूनच होता. मास्तरांनी वहीत 'बसून' लिहिलं आणि बब्रुवानला वाईट वाटू नये म्हणून पुढं कंसात 'अंशतः रेडे' असं लिहिलं.

मग शाळा सुटल्यावर फळ्यावर हिशेब झाला. बसून काम करणाऱ्याला दर पौंडामागे तेरा कॅलरी. एकशे अठ्ठ्याण्णव गुणिले तेरा, पंचवीसशे चौऱ्याहत्तर. एवढं खाल्लं तर वजन जिथल्या तिथं. एक पौंड चरबी उतरवायला साडेतीन हजार कॅलरी कमी पडाव्या लागतात. सोळा पौंडांना छप्पन्न हजार. साठ दिवसांत वाटल्या की रोजच्या नऊशे तेहतीस.

"पंचवीसशे चौऱ्याहत्तरातून नऊशे तेहतीस गेले, राहिले सोळाशे एक्केचाळीस," मास्तर हात झटकून म्हणाले. "तेवढंच खायचं. संपलं."

"पन मास्तर, क्यालरी म्हंजे काय?"

इथं मास्तरांनी जे उत्तर दिलं ते शास्त्राला धरून होतं. त्यात चूक काढायला आजही जागा नाही.

"कॅलरी म्हणजे उष्णता," मास्तर म्हणाले. "अन्नात उष्णता असते. ती शरीरात जास्त झाली की चरबी होते. तुमच्या जेवणातली उष्णता तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झाली पाहिजे." आणि कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: 'बब्रुवानराव. रोजची उष्णता १६४१. याहून जास्त उष्ण खाऊ नये.'

बब्रुवाननं तो कागद घरी नेऊन आईच्या हातात दिला. धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं. बब्रुवाननं मोठ्यानं वाचून दाखवला, तशा त्या समाधानानं मान हलवायला लागल्या.

"म्या काय सांगत हुते? उष्णता झालीय पोराला. डोळं बघा की त्येचं. येवढा शिकलेला मास्तर, पन शेवटाला बोलला ते माजंच."

उष्ण काय आणि थंड काय हे धुरपदाबाईंना विचारायला दुसऱ्या गल्लीतून बायका यायच्या. त्यांनी त्याच दिवशी स्वयंपाकघराची झडती घेतली. बाजरी उष्ण, बंद. तीळ, कारळं, जवस, लसूण, मेथी, वांगं, हुलगा, बंद. गूळ उष्ण, शेंगदाणे उष्ण, तळलेलं तर बिलकुल नाही. तिखट इतकं कमी केलं की आमटीला हळदीचाच रंग राहिला. मग राहिलेल्या थंड पदार्थांत लेकराचं पोट भरायची जबाबदारी त्यांनी घेतली. दूध थंड. लोणी थंड. खडीसाखर थंड, केळी थंड, गुलकंद तर थंडच थंड. आणि सगळ्यांत थंड म्हणजे तूप. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करायची, तिच्यावर तुपाची धार, वर खडीसाखर. उन्हाळा तोंडावर होता. बब्रुवानला इतकं गार आयुष्यात वाटलं नव्हतं.

दर सोमवारी कुर्डुवाडी स्टेशनात पार्सलच्या काट्यावर तो बसायचा. आजूबाजूला पेरूच्या करंड्या, मध्ये बब्रुवान. पार्सलबाबू मण-शेरात आकडा सांगायचा आणि त्याचे पौंड मास्तर संध्याकाळी करायचे. पहिल्या सोमवारी दोन पौंड वाढ.

"सुरुवातीला होतं असं," मास्तर म्हणाले, कारण पुस्तकात तसं नव्हतं.

दुसऱ्या सोमवारी आणखी दोन. मास्तर विचारात पडले. त्यांनी काट्यावर संशय घेतला, स्वतः कुर्डुवाडीला जाऊन करंड्यांमध्ये बसले. काटा बरोबर होता. त्यांनी फळ्यावरचा गुणाकार उलटा करून पाहिला. तोही बरोबर होता. मग बब्रुवानची उलटतपासणी झाली.

"गूळ खाता?"

"नाव काढू नका मास्तर."

"शेंगदाणे?"

"गाडीत कुणी फोडलं तरी तोंड फिरवतो."

"तीळ? तळलेलं?"

"शिवलो न्हाय. आईची आन हाय."

त्याचा शब्दन् शब्द खरा होता. पुस्तकातल्या यादीवर बोट ठेवून मास्तर एकेक विचारत होते, आणि वरचे चारही पदार्थ नेमके धुरपदाबाईंच्याही यादीत होते. तुपाचं मास्तरांनी विचारलंच नाही. वजन उतरवणारा माणूस तूप खात असेल हे बी.एस्सी. झालेल्या माणसाच्या डोक्यात येत नाही.

मास्तरांना झोप येईना ती बब्रुवानच्या काळजीनं कमी आणि कुतूहलानं जास्त. जगातला एक माणूस सोळाशे एक्केचाळीसवर वाढतो आहे. असं असेल तर पुस्तक लिहिणाऱ्याला पत्र पाठवायला हवं. त्यांनी मसुदाही केला होता.

पत्र थांबलं ते द्वारकाबाईंमुळे. द्वारकाबाई म्हणजे बब्रुवानची बायको. दर आठवड्याला नवऱ्याच्या खाकी सदऱ्याची बटणं सरकवून लावायचं काम त्यांच्याकडे होतं. सासूबाईंपुढं बोलणं जमण्यासारखं नव्हतं आणि मास्तरांचा कागद तर भिंतीला चिकटवलेला होता. महिना भरत आला तेव्हा त्यांनी अंबादासकडून एवढाच निरोप दिला: "मास्तरांना म्हणावं, एकदा दुपारचं जेवायला या, आन् निस्तं बसून बघा."

मास्तर आले. पाट मांडले होते. बब्रुवानच्या ताटात दूध-भाकरीचा डोंगर होता. धुरपदाबाई तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि डोंगरावर धार धरली. ती बराच वेळ थांबली नाही.

"आजी," मास्तरांनी विचारलं, "हे काय?"

"तूप. घरच्या म्हशीचं."

"रोज देता?"

"दोन्ही वक्ताला. तुमचाच हुकूम हाय न्हवं? उष्ण न्हाय द्यायचं. तूप थंड असतंय, मास्तर." आणि पाहुण्याकडे पाहून त्यांना कणव आली. "तुमालाबी वाढू का? चेहरा उतरलाय. उष्णतेनंच हुतंय तसं."

मास्तरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. मग त्यांनी जेवता-जेवता सगळी यादी विचारून घेतली: दूध किती, लोणी किती, खडीसाखर मुठीनं की चमच्यानं. हात धुतल्यावर पेन्सिल काढली. बब्रुवान आता दोनशे पाच पौंड होता. एकशे ब्याऐंशीला तेवीस उतरवायचे होते आणि दिवस उरले होते तीस.

"साडेऐंशी हजार भागिले तीस, रोजचे सव्वीसशे त्र्याऐंशी कमी पडायला हवेत," ते पुटपुटले. "आणि तुम्हाला लागतात सव्वीसशे पासष्ट."

"म्हंजे किती खाऊ?"

"उणे अठरा."

"उणे अठरा कसं खात्यात?"

दारात उभा असलेला अंबादास म्हणाला, "रोज थोडं वकायचं वस्ताद. निस्तं अठराच."

बब्रुवान ताटावरून उठला. "माजी गाडी गेली," तो म्हणाला, आणि मास्तरांना दोष द्यायचा सोडून त्यांनाच प्यायच्या पाण्याचा लोटा पुढं करू लागला. मास्तरांना ते जास्त लागलं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी उष्णता म्हटलं ती निराळी आणि आजींची निराळी. आजी, तूप थंड नाही."

या घरात, या विषयावर, असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

"तुमी किती साल शिकला?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"सोळा."

"म्या साठ साल रांधतीया."

"आजी, निरांजनात काय घालता?"

"तूप."

"मग ते जळतं ना?"

धुरपदाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. निरांजन त्यांनीच सकाळी लावलेलं होतं. "जळतंय," त्या सावकाश म्हणाल्या. "पन ते द्येवाफुडं. पोटात न्हाय."

"आणि मिरची जास्त उष्ण की तूप?"

"मिरची. ल्हान पोर सांगंल."

"मग दोन्ही जाळून पाहू. कशानं पाणी जास्त तापतं ते पाहू."

यावर त्या रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण धुरपदाबाईंनी पदर खोचला. कुठलीही गोष्ट करून पाहू म्हटल्यावर त्यांना धीर निघायचा नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तोवर कुणी त्यांना तसं म्हणालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेतून थर्मामीटर घेऊन आले, सोनाराकडून काटा आणला. अंगणात तीन विटांवर पत्र्याची डबी ठेवली, तिच्यात दर वेळी मोजून तेवढंच पाणी. प्रत्येक जिन्नस एक मासा, म्हणजे सोनाराच्या मापानं जेमतेम ग्रॅमभर, तोलायचा, खाली जाळायचा, पारा किती चढला ते पाहायचं. पहिला मान मिरचीचा. वाळलेली लाल मिरची पेटली आणि अंगणातले सगळे खोकत खोकत भिंतीला लागले. वास गल्लीत गेला तशा शेजारच्या गिरिजाबाई डोळ्याला पदर लावून आल्या.

"कुणाची दिष्ट काढताय गं?"

"पान्याची," धुरपदाबाई म्हणाल्या. "किती झालं मास्तर?"

"अकरा अंश."

"एवढंच? ठसका तर चांगला पन्नासाचा हुता." त्यांना मिरचीचा राग आला. "आता तूप घ्या."

पणतीत मासाभर तूप, त्यात वात. ज्योत शांत जळली. कुणी खोकलं नाही. पारा चढत राहिला, चढत राहिला. धुरपदाबाई डबीवर वाकून पाहत होत्या. डबीच्या तळाशी बुडबुडे धरले तेव्हा त्यांनी पाण्यात बोट घालून पाहिलं आणि झटकन काढलं.

"एक्केचाळीस," मास्तर म्हणाले.

धुरपदाबाई बोट तोंडात धरून बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "मिरची निस्ता बोभाटा करती. काम तूप करतंय, गुमान." आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे बाहेर आणायला लागल्या.

त्या दुपारी त्यांनी मास्तरांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. शेंगदाणा सत्तावीस. खडीसाखर आधी वितळली, काळी पडली, मग नाइलाजानं पेटली. भाकरीचा वाळका तुकडा पेटला. काकडी नुसती फुस्स झाली. केळ्यानं धूर केला, पण जळायचं नाव घेईना.

"केळं वाळवून जाळावं लागेल," मास्तर म्हणाले. "पाणी उडाल्याशिवाय जळत नाही. पोटात गेल्यावर मात्र त्याचीही उष्णता निघते."

"वाळवून कोन खातंय?" धुरपदाबाई म्हणाल्या, पण केळी उचलून शिंक्यावर ठेवली, वरच्या.

त्या दिवसापासून घरात नवा कायदा आला: जे जळतंय ते बब्र्यानं खायाचं न्हाय. शास्त्राच्या दृष्टीनं कायद्यात भोकं होती, ती मास्तरांनी भाकरी तोलून बुजवली. ताक, काकडी, अंबाडीची भाजी, मुगाचं पातळ वरण आणि लसणाचा भरपूर ठेचा, कारण ठेचा आता निर्दोष सुटला होता. रोजचं नऊशेच्या खाली जाऊ द्यायचं नाही असं मास्तरांनी बजावलं. पोटवाल्या ड्रायव्हरपेक्षा भुकेनं चक्कर आलेला ड्रायव्हर धोक्याचा.

"मग उणे अठराचं काय?" बब्रुवाननं विचारलं.

"खाण्यात जमणार नाही. कामात काढू. तुम्ही 'बसून' आहात, तुम्हाला 'श्रमाचं' करायला हवं."

मग आम्ही परंडेकरांनी असं पाहिलं की पहिली गाडी सुटायच्या आधी बब्रुवान किल्ल्याच्या खंदकाला तीन फेऱ्या घालतो. गाडीचं हॅण्डल क्लीनरला हात लावू न देता स्वतः मारतो, आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली तर बंद करून पुन्हा मारतो. प्रवाशांची पोती, ट्रंका, कोंबड्यांची डालगी स्वतः टपावर चढवतो. कुर्डुवाडीच्या बाजारादिवशी लोक खुशीत येऊन ओझी जास्त आणायला लागले. अंबादासनं एका म्हातारीला सांगितलं, "आजी, जातं बी आना घरचं. वस्तादाचं पौंड उतरत्यात."

मुदतीच्या साठाव्या दिवशी बब्रुवान धाराशिवला निघाला. मास्तर रजा काढून सोबत गेले. डॉक्टरांचा काटा एकशे सत्त्याऐंशीवर थांबला.

"पाच जास्त," डॉक्टर म्हणाले. "साठ दिवसांत अकरा. प्रयत्न केलात, पण तक्ता तक्ता आहे." त्यांनी पेन उचललं.

"साहेब," मास्तर म्हणाले, "अकरा नव्हेत, अठरा. तेही तीस दिवसांत."

"ते कसं?"

हे सांगायचं तर आधीचे तीस दिवस सांगावे लागणार होते. सांगितलं नाही तर बब्रुवानच्या हातात फडकं आणि बादली येणार होती. मग बी.एस्सी.च्या साऱ्या इभ्रतीसकट मास्तरांनी सांगून टाकलं: उष्णता, कागद, तूप, खडीसाखर, सात पौंड वाढ, अंगण, मिरची. काही गाळलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मिरचीपाशी ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलत होते.

बऱ्याच वेळानं वळून त्यांनी विचारलं, "तीस दिवसांत अठरा?"

"रोज शून्य दशांश सहा," मास्तर म्हणाले.

"म्हणजे पाचाला—"

"आठ दिवस आणि थोडे तास."

"नऊ दिवसांनी या," डॉक्टर म्हणाले.

नवव्या दिवशी काटा एकशे ब्याऐंशीच्या अर्धा पौंड अलीकडे थांबला. डॉक्टरांनी सही केली आणि शिक्क्यासाठी कागद बाहेरच्या हेडक्लार्ककडे पाठवला. हेडक्लार्क खुर्चीत बसले होते, म्हणजे खुर्ची दिसत नव्हती. त्यांनी कागद वाचला, शिक्का शाईवर दाबला, उचलला आणि हवेतच धरून ठेवला.

"तेच ना तुम्ही, जाळून बघणारे?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. "बसा. एक विचारायचं होतं."

"इचारा की साहेब."

हेडक्लार्कनी दाराकडे पाहिलं. डॉक्टर आत होते. "भात जळतो का हो? शिजवलेला?"

बब्रुवाननं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर तोंड उघडतच होते, वाळवून जाळण्याविषयी सांगायला. मग बब्रुवाननं शिक्क्याकडे पाहिलं. त्याची शाई वाळत चालली होती.

"न्हाय साहेब," तो मास्तरांच्या पायावर अलगद पाय ठेवत म्हणाला, "शिजवल्याला भात काय जळत न्हाय."

शिक्का खाली आला.